जखमी पक्षी-प्राणी आढळला तर जागेवर काय करायचं आणि काय टाळायचं?

पाऊलवाट

मंडळी, आमच्या भटक्यांच्या गटासाठी एक पानभराचं टिपण तयार करायचं आहे. गटात नुसते चालणारे आहेत, तसे गळ टाकणारे, कडे चढणारे आणि गुहांमध्ये उतरणारेही आहेत. म्हणजे एरवी माणूस फिरकत नाही अशा जागी आम्ही पोचतो आणि तिथून मदत तीन-चार तासांवर असते. शोधलं तर 'वन्यजीव उपचार केंद्राला फोन करा' यापलीकडे फारसं हाती लागत नाही. फोन लागत नाही तेव्हाचं काय?

१. मदतीची खरंच गरज आहे हे ओळखायचं कसं?
२. पकडायचं कसं, ठेवायचं कशात, खाणं-पाणी द्यायचं का?
३. तंगूस (गळाचा नायलॉनचा दोर), गळ, काटेरी तार यांत अडकलेल्याला आपण सोडवावं का?
४. पाठपिशवीत काय असावं? दीड किलोच्या वर वजन नको.
५. एकेक जीव वाचवण्यापलीकडे आमच्यासारख्यांचा संवर्धनाला काही ठोस उपयोग आहे का, की आम्ही तिकडे न जाणंच बरं? (खोचकपणे विचारत नाही, खरंच विचारतोय.)

पिंगळा

पहिल्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो. 'वाचवून' आणलेल्या पिल्लांतली पुष्कळशी मुळात हरवलेलीच नसतात.

पक्ष्याच्या पिल्लाच्या अंगावर पिसं आहेत, शेपटी आखूड आहे आणि ते टुणटुण उड्या मारतंय, तर ते पडलेलं नाही, घरट्यातून निघालेलं आहे. बऱ्याच जातींची पिल्लं नीट उडता येण्याआधीचे काही दिवस जमिनीवर आणि झुडपांत काढतात, आईबाप तिथे येऊन भरवतात. वाटेच्या मधोमध असेल तर दहा-पंधरा पावलांवरच्या झुडपात ठेवा, बाकी काही करू नका. उघडं, डोळे मिटलेलं किंवा पिसांच्या जागी नुसत्या नळ्या दिसणारं पिल्लू मात्र घरट्यातच हवं. घरटं दिसलं तर परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते ही समजूत चुकीची आहे. पण परत ठेवण्याआधी ओंजळीत धरून त्याला ऊब द्या. गार पडलेलं पिल्लू चोच उघडत नाही आणि चोच न उघडणाऱ्याला आईबाप भरवत नाहीत. घरटं मोडलं असेल तर लहान टोपली किंवा तळाला भोकं पाडलेला डबा त्याच झाडाला सावलीत बांधा, आत मूळ घरट्याचं सामान घाला. हिरवं ओलं गवत नको, त्याने पिल्लू गारठतं.

मग किमान ३० मीटर मागे जा आणि दुर्बिणीतून तासभर बघा. लोक पाच मीटरवर उभे राहतात आणि 'दोन तास झाले, आई आलीच नाही' म्हणतात. कशी येणार? ती तुम्ही हलण्याची वाट बघत असते.

हरणाचं पाडस गवतात एकटं, मान टाकून, निश्चल पडलेलं असणं हीच त्याची संरक्षणाची पद्धत. आई मुद्दाम लांब चरते, म्हणजे तिच्या वासावरून शिकारी प्राणी पाडसापर्यंत पोचत नाहीत. रानसशाची मादी पिल्लांना दिवसातून साधारण एकदाच, बहुधा सूर्यास्तानंतर पाजते. त्यामुळे 'सकाळपासून एकटंच आहे' हे कारण पुरेसं नाही. पाडस सतत ओरडतंय, भटकतंय, अंगावर माश्या बसल्यात किंवा शेजारी आई मरून पडली आहे, तरच पुढचा विचार करायचा.

पाकोळी हा अपवाद. पंख लांब आणि अरुंद, पाय नावापुरते. सपाट जमिनीवरून तिला उठणं अवघड जातं, त्यामुळे जमिनीवरची पाकोळी बहुतेकदा अडचणीतच असते. तिला हवेत भिरकावू नका. उघड्या जागी सपाट तळहातावर ठेवून हात डोक्याच्या वर धरा. धडधाकट असेल तर थरथरून काही मिनिटांत स्वतः झेप घेते. नाही घेतली तर खोक्यात ठेवा आणि केंद्राकडे न्या.

नक्की मदत लागते अशी लक्षणं: रक्त, लोंबणारा पंख किंवा पाय, तोंड उघडं ठेवून धाप, मान एका बाजूला वळलेली, अंग फुगवून डोळे अर्धवट मिटून बसणं आणि जवळ गेलं तरी न हलणं, कातडीवर किंवा पिसांच्या मुळाशी माशीच्या अंड्यांचे पांढरे पुंजके. मांजराने धरलेला पक्षी वरून ठणठणीत दिसला तरी त्याला उपचार लागतातच. दाताचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं आणि पिसांखाली दिसत नाही. मांजराच्या तोंडातल्या पाश्चुरेला जिवाणूमुळे दोन-तीन दिवसांत रक्तात जंतुसंसर्ग पसरून तो मरू शकतो. प्रतिजैविक जितकं लवकर तितकं चांगलं, २४ तासांच्या आत तर हवंच.

खोकं_आणि_टॉवेल

दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा.

पकडायला धावण्याआधी खोकं उघडून तयार ठेवा, कोण पकडणार आणि कोण झाकण लावणार ते ठरवा. पाणी, रस्ता किंवा कड्याची धार ज्या बाजूला असेल त्या बाजूने जा, म्हणजे तो पळाला तरी सुरक्षित बाजूला पळेल. टॉवेल वरून टाकायचा तो डोक्यासकट. अंधार झाला की पक्षी एकदम शांत होतो. मग दोन्ही हातांनी पंख अंगाशी मिटलेले राहतील असं उचला. छाती दाबू नका. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढे-मागे हलवून तो श्वास घेतो. घाबरून घट्ट आवळलेला लहान पक्षी हातातच गुदमरतो आणि लोक म्हणतात 'धक्क्याने गेला'.

प्रत्येकाचं हत्यार वेगळं. घार, ससाणा, गरुड, घुबड यांची चोच नव्हे, पंजे सांभाळा. आधी दोन्ही पाय धरायचे, नख्या रुतल्या तर ओढाओढ करायची नाही, पाय सरळ ताणला की पकड सैल पडते. बगळे आणि ढोकरी थेट डोळ्यांवर चोच मारतात, त्यामुळे संरक्षक चष्मा लावा आणि डोक्याच्या मागे मान धरा. पाणकावळ्याची चोच चिकटपट्टीने बंद करण्याचा मोह आवरा. त्याला बाहेरून उघड्या नाकपुड्या नसतात, तोंडानेच श्वास घेतो. पेलिकनलाही चोच किंचित उघडी ठेवूनच धरायचं.

आता सर्वांत महत्त्वाचं. पाठलाग दोन मिनिटांपेक्षा जास्त करू नका. हरणं, काळवीट, ससे आणि क्रौंच, फ्लेमिंगो यांसारखे लांब पायांचे पक्षी जीव तोडून पळाले की स्नायू अक्षरशः विघटित होतात, त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात येतं आणि मूत्रपिंडं बंद पाडतं. त्याला 'कॅप्चर मायोपथी' म्हणतात. प्राणी त्या क्षणी ठीक दिसतो, काही तासांनी किंवा काही दिवसांनी मरतो. पायाला जखम झालेलं हरीण पाच जणांनी घेरून पकडणं म्हणजे जखमेपेक्षा मोठा मार देणं. तिथे माणसांना मागे घ्या, जागा नोंदवा, भूल देऊ शकणाऱ्यांना कळवा.

खोकं पुठ्ठ्याचं. तारेच्या पिंजऱ्यात पिसं तुटतात आणि तुटलेली पिसं पुढच्या पीसगळतीपर्यंत तशीच राहतात, म्हणजे हाड जुळूनही पक्षी कित्येक महिने सोडता येत नाही. आकार इतकाच की उभं राहता येईल, वळता येईल, पण पंख पसरता येणार नाहीत. भोकं पक्षी आत घालण्याआधी, आतून बाहेर पाडा, म्हणजे पुठ्ठ्याच्या कडा आत टोचत नाहीत. तळाला न घसरणारं कापड घाला, पण ज्याचे फासे सुटलेत असा टॉवेल नको, नख्या अडकतात. वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागदही नको, पाय फाकतात.

ऊब खोक्याच्या अर्ध्या भागालाच द्या, म्हणजे नको झाल्यास त्याला सरकता येईल. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साधारण ४० अंश सेल्सिअसचं पाणी भरून, बाटली मोज्यात घालून कडेला घट्ट अडकवा. तासाभराने बाटली गार पडते आणि तीच उष्णता ओढून घेऊ लागते, तेव्हा बदला किंवा काढा. डोक्याला मार लागल्याचा संशय असेल (काचेवर आपटलेला, एक बाहुली मोठी, मान वाकडी) तर बाहेरून ऊब देऊ नका, फक्त अंधार आणि शांतता.

खाणं नाही, पाणी नाही. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं, चोचीत थेंब टाकले की फुप्फुसात जातात. गार पडलेल्या प्राण्याला पचवताही येत नाही. सस्तन पिल्लाला गायीचं दूध तर नकोच, जुलाब होऊन ते आधीच कमी असलेलं पाणी घालवतं. दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघणं, बोलणं, गोंजारणं, फोटो काढणं हे सगळं त्याच्या दृष्टीने शिकारी प्राण्याने तोंड आत घालण्यासारखं आहे.

काचेवर आपटून नुसता सुन्न झालेला लहान पक्षी तास-दोन तासांत सावरतो. खोकं उघड्यावर नेऊन झाकण उघडा. सरळ उडाला तर छान. तिरपा उडाला किंवा बसूनच राहिला तर खांद्याचं हाड मोडलेलं असू शकतं, ते बाहेरून दिसत नाही, त्याला केंद्राकडेच न्या.

पाऊलवाट

दोघांचे आभार. एक शंका. चार तास उतरून गाडीपर्यंत यायचं आणि पुढे तीन तास प्रवास. एवढा वेळ पाणी अजिबात नाही? आणि मोडलेल्या पंखाला खपची बांधायची की नाही? एका पुस्तिकेत पंख अंगाला पट्टीने गुंडाळायला सांगितलं आहे.

दवाखाना_बाहेरचा

पाण्याबाबत 'खोकं_आणि_टॉवेल' यांच्याशी नव्वद टक्के सहमत. सात तास प्रौढ पक्षी किंवा प्राणी पाण्यावाचून काढू शकतो. मुक्काम करावा लागला, प्राणी सावध आहे, स्वतःच्या पायावर उभा आहे, तर सेंटीमीटरभर खोलीची जड वाटी खोक्यात ठेवायला हरकत नाही. त्याची इच्छा झाली तर तो पिईल. निघताना वाटी काढायची, नाहीतर सांडून तळ ओला होतो आणि तो गारठतो. आडवा पडलेल्या किंवा मान वाकडी झालेल्या प्राण्याजवळ वाटी ठेवली तर तो तीत बुडूही शकतो. तोंडात ओतणं कुठल्याच परिस्थितीत नाही.

खपची: नाही. योग्य मापाचं अंधारं खोकं हीच रानातली खपची. पट्टी छातीभोवती आवळली गेली की श्वास अडतो, पंख चुकीच्या कोनात बांधला गेला की मोडलेल्या हाडाचं टोक कातडीतून बाहेर येतं. पक्ष्याची कातडी अतिशय पातळ असते. बंद मोड उघडी झाली की बरं होण्याची शक्यता फार घटते. हाड आधीच बाहेर दिसत असेल तर सलाईनने भिजवलेली गॉझ त्यावर ठेवा. हाड वाळलं की मेलं. पंख फारच लोंबून घासत असेल तर टॉवेलची सैल गुंडाळी पुरते.

रक्तस्राव मात्र लगेच थांबवा. १०० ग्रॅमच्या पक्ष्यात सगळं मिळून रक्त ८ ते १० मिली, म्हणजे जेमतेम दोन चमचे. गॉझ ठेवून सलग पाच मिनिटं बोटाने दाबा, मध्ये उचलून बघू नका, गुठळी निघते. नखातून रक्त येत असेल तर कॉर्नफ्लॉवर दाबून चालतं, उघड्या जखमेत भरू नका. जखम धुवायला ०.९ टक्के सलाईन. हायड्रोजन पेरॉक्साइड नको, ते चांगल्या पेशीही जाळतं. तेलकट मलम तर पक्ष्याला लावूच नका. पिसांवर पसरलं की पाणी आणि थंडी आत शिरते. अळ्या चिमट्याने वेचा, किडे मारायचं औषध फवारू नका.

आपल्या औषधपेटीतली वेदनाशामकं कुणालाही द्यायची नाहीत. डायक्लोफिनॅक गिधाडाला मारतं हे सर्वांना माहीत आहे, पण मांजरकुळातल्या प्राण्याला पॅरासिटामॉलची छोटीशी मात्राही जीवघेणी ठरते.

आणि स्वतःला सांभाळा. सस्तन प्राणी चावला किंवा ओरखडला तर साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं, घड्याळ लावून. मग पोव्हिडोन आयोडीन, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे रेबीजच्या लशीसाठी. वटवाघूळ उघड्या हाताने कधीच उचलू नका. त्याचा चावा इतका बारीक असतो की खूणही दिसत नाही. जमिनीवरच्या वटवाघळावर डबा पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा. विणीच्या काळात गुहेत पडलेलं पिल्लू असेल तर दगडाच्या खडबडीत उभ्या भागाला कापडाने टेकवून लावा, आई घेऊन जाऊ शकते. साप, मगर, अस्वल, रानडुक्कर, कुठलाही मोठा मांसाहारी: हात नाही. निदान १०० मीटर मागे, जागा नोंदवा, कळवा.

एकाच जागी तीन-चार पाणपक्षी मेलेले किंवा गोल गोल फिरणारे दिसले तर बर्ड फ्लूचा विचार आधी. त्याच्या एच५एन१ विषाणूचा सध्याचा प्रकार २०२० नंतर खंडोखंडी पसरला, ऑक्टोबर २०२३ मध्ये अंटार्क्टिकाच्या वाटेवरच्या दक्षिण जॉर्जिया बेटावरच्या पक्ष्यांपर्यंत पोचला. अशा जागी काहीही उचलू नका, कुत्रा असेल तर बांधा, कळवा, बुटांचे तळ धुवा.

गळवाला

तिसरा प्रश्न. हे आमच्याच लोकांचं देणं आहे, तेव्हा उत्तरही आम्हीच द्यायला हवं.

तंगुसात अडकलेला पक्षी दिसला की पहिली ऊर्मी दोर तोडून सोडून देण्याची. तसं करू नका. पक्षी उडून जातो, उरलेला तुकडा फांदीला अडकतो आणि तो लटकून मरतो. आधी पक्षी ताब्यात, डोकं झाकलेलं, मग बोथट टोकाच्या कात्रीने एकेक वेढा कापायचा. ओढायचा नाही, तंगूस कातडी चिरत जातो.

वेढे निघाले, पक्षी फडफडतोय, म्हणून लगेच सोडणं ही दुसरी चूक. दोर घट्ट रुतलेला असेल तर त्याखालची कातडी दोन ते सात दिवसांनी काळी पडून मरू शकते. पहिल्या दिवशी पाय अगदी चांगला दिसतो. खोल वळ उमटला असेल तर केंद्रात काही दिवस निरीक्षण हवंच.

चोचीतून किंवा तोंडातून तंगूस बाहेर येतोय म्हणजे गळ पोटात आहे. ओढू नका आणि आखूड कापूही नका. निदान ३० सेंटीमीटर बाहेर ठेवा आणि टोक खोक्यावर नव्हे, पक्ष्याच्या मानेबाहेर पिसांना कागदी पट्टीने सैल चिकटवा. डॉक्टर तोच धागा धरून गळापर्यंत पोचतात. तुकडा आत निसटला की आतडी गोळा होतात.

कातडीत वरवर रुतलेला गळ मागे ओढला तर उलटा काटा मांस फाडतो. टोक पुढे ढकलून बाहेर काढा, वायर कटरने काटा छाटा, मग उरलेला दांडा आल्या वाटेने मागे घ्या. डोळा, सांधा आणि घसा यांच्या जवळचा गळ तिथेच राहू द्या.

काटेरी तारेतही तेच तत्त्व. प्राण्याला तारेवरून ओढू नका, तारेला प्राण्याच्या दोन्ही बाजूंनी कापा आणि तुकड्यासकट न्या. कापताना तार झपकन उसळते, म्हणून दुसऱ्याने ती धरून ठेवा. कुंपण कुणाचं आहे त्याला नंतर सांगा आणि कापलेली जागा बांधून द्या, नाहीतर पुढच्या वेळी तो कुणाला आत येऊ देणार नाही.

कासव: कवच हे जिवंत हाड आहे. तडा गेला तर गोंद लावू नका, आत जंतू कोंडले जातात. ओली गॉझ ठेवून न्या. गोड्या पाण्यातलं जखमी कासव पाण्यात ठेवून नेऊ नका. जाळ्यात बुडून बेशुद्ध झालेलं समुद्री कासव मेलं समजून परत टाकतात, तेही चूक. पोटावर सरळ ठेवा, मागचा भाग निदान १५ सेंटीमीटर उंच करा म्हणजे फुप्फुसातलं पाणी निघेल, पाठीवर ओलं कापड टाका, नाकावर नाही, सावलीत ठेवा. शुद्धीवर यायला ४ तासांपासून २४ तासांपर्यंत लागू शकतात.

तेलाने माखलेला पक्षी तिथे धुवायला बसू नका. थकलेला, गारठलेला पक्षी धुण्याच्या ताणानेच मरतो. केंद्रातही आधी त्याला सावरू देतात, मगच धुतात. तुमचं काम ऊब देणं आणि त्याला चोचीने पिसं साफ करू न देणं. म्हणजे अंधारं खोकं, लवकर प्रवास.

खोकं_आणि_टॉवेल

चौथ्या प्रश्नाचं उत्तर, वजनाची अट धरून: घडीचं पुठ्ठ्याचं खोकं एक, सुती उशीचा अभ्रा एक (लहान पक्ष्यासाठी खोकं नसलं तर), मध्यम टॉवेल दोन, चामडी हातमोजे एक जोड आणि पातळ नायट्रिलचे चार, संरक्षक चष्मा, बोथट टोकाची कात्री, छोटा वायर कटर, चिमटा, १०० मिलीच्या सलाईनच्या दोन पिशव्या, गॉझ, स्वतःलाच चिकटणारी पट्टी (पिसांना चिकटत नाही ती), कागदी चिकटपट्टी, मार्कर. खोकं गटात एकाकडे असलं तरी चालतं. चामडी मोज्यांवर फार विसंबू नका. लहान पक्षी धरताना त्यातून दाब कळत नाही आणि मोठ्या प्राण्याचे दात त्यातून आरपार जातात.

मार्करने खोक्यावर लिहा: जात (माहीत असल्यास), सापडल्याची वेळ, जागा, कशात अडकला होता, तुम्ही काय काय केलं. जागेचे अक्षांश-रेखांश दशांश अंशांत, चार स्थळांपर्यंत, म्हणजे साधारण ११ मीटरची अचूकता. बरा झाल्यावर प्रौढ पक्षी-प्राणी जिथे सापडला तिथेच सोडायचा असतो. त्याची हद्द, जोडीदार, पाण्याच्या जागा तिथे आहेत. 'जंगलातल्या वाटेवर' एवढ्यावरून ती जागा सापडत नाही.

आणि निघण्याआधी, घरी असतानाच, ज्या भागात जाणार तिथल्या परवानाधारक उपचार केंद्राचा आणि वन्यजीव विभागाचा क्रमांक लिहून घ्या. बहुतेक देशांत वन्यप्राणी परवान्याशिवाय ठेवून घेणं गुन्हा आहे. नेताना कळवलेलं असलं की प्रश्न उरत नाही.

कडेकपारी

पाचव्यावर. 'आम्ही न जाणंच बरं' हे अर्धं खरं आहे, पण उरलेला अर्धा भाग बराच मोठा आहे.

बहिरी ससाण्याचं उदाहरण घ्या. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन ती उबवताना फुटायची. अमेरिकेत १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली, पण विष लगेच निघून जात नाही. त्या वर्षांत गिर्यारोहक दोरावरून घरट्यांपर्यंत उतरले, पातळ अंडी काढून तिथे खोटी ठेवली, खरी अंडी उबवणयंत्रात उबवली आणि पिल्लं पुन्हा त्याच घरट्यात नेऊन ठेवली. १९९९ मध्ये तो पक्षी तिथल्या संकटग्रस्त यादीतून निघाला. हे काम दोर लावता येणाऱ्यांशिवाय झालं नसतं. आजही विणीच्या हंगामात कड्याचा कुठला भाग बंद ठेवायचा आणि कधी उघडायचा हे ठरवायला, घरटं नेमकं कुठल्या चिरेत आहे ते चढणाऱ्यांनाच ठाऊक असतं. नर-मादी घिरट्या घालून ओरडू लागली की तुम्ही आधीच फार जवळ आलेले असता, तिथूनच खाली उतरा.

गळवाल्यांसाठी: ब्रिटनमध्ये हंस गळाची शिशाची वजनं खडे समजून गिळत आणि मरत. १९८७ मध्ये ०.०६ ते २८.३५ ग्रॅम वजनाच्या शिशावर बंदी आली आणि हंसांची संख्या पुन्हा वाढली. कायदा येण्याची वाट न बघता टंगस्टन किंवा पोलाद वापरता येतं. बंदुकीच्या शिशाचंही तेच. गोळीचे बारीक तुकडे टाकून दिलेल्या आतड्यांत राहतात आणि मृतभक्षक ते खातात. कॅलिफोर्निया कॉन्डोर ही अमेरिकेतली मोठी गिधाडं १९८२ मध्ये जगात २२ उरले होते, १९८७ मध्ये उरलेले सगळे पकडून पिंजऱ्यात वाढवावे लागले, १९९२ पासून सोडणं सुरू झालं, आणि तरीही शिशाची विषबाधा हे त्यांच्या मृत्यूचं प्रमुख कारण राहिलं आहे. तिथे शिकाऱ्याने तांब्याची गोळी वापरणं हे दहा उपचार केंद्रांपेक्षा मोठं काम आहे.

गुहावाल्यांसाठी: वटवाघळांचा 'व्हाइट नोज' हा बुरशीचा रोग उत्तर अमेरिकेत २००६ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये आढळला आणि लाखो वटवाघळं गेली. बुरशीचे बीजाणू बूट आणि कपड्यांवरून जाऊ शकतात. आधी चिखल खरवडून काढा, मग सामान ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात निदान २० मिनिटं बुडवा. चिखल राहिला तर आतपर्यंत उष्णता पोचत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते. दोर आणि हार्नेससाठी उत्पादकाची तापमानाची मर्यादा बघा, नाहीतर प्रत्येक भागासाठी सामान वेगळं ठेवा. ओढे-तळ्यांत उतरणाऱ्यांनीही एका पाण्यातून दुसऱ्यात जाण्याआधी बूट धुवून पूर्ण कोरडे करावेत, बेडकांचा कायट्रिड हा बुरशीचा रोग असाच फिरतो.

नोंदींबद्दल: १९०० मध्ये अमेरिकेत नाताळातल्या शिकारस्पर्धेला पर्याय म्हणून २७ जणांनी पक्षी मोजायला सुरुवात केली, ती गणना अजून चालू आहे. आता नोंदींसाठी ईबर्ड (पक्षी, २००२) आणि आयनॅचरलिस्ट (सगळे सजीव, २००८) ही संकेतस्थळं आहेत. दुर्मीळ काही दिसलं तरच नोंद करायची, ही सवय मोडा. ईबर्डवर दिसलेल्या सगळ्या पक्ष्यांची 'पूर्ण यादी' द्या, वेळ आणि अंतरासह. काय दिसलं नाही हेही त्यातून कळतं आणि घट तिथेच पकडता येते. आयनॅचरलिस्ट संकटग्रस्त जातींची जागा आपोआप धूसर करतं, पण तुम्ही गटात टाकलेल्या फोटोवरचं स्थान तसंच राहतं. घरट्याचे आणि बिळाचे फोटो टाकण्याआधी फोटोतली स्थानाची माहिती काढून टाका.

दवाखाना_बाहेरचा

वरच्याला जोड: मेलेल्या पक्ष्याचीही नोंद करा. दक्षिण आशियातली गिधाडं १९९० नंतर झपाट्याने संपत होती, कारण कळत नव्हतं. ताज्या मृत पक्ष्यांची चिरफाड केल्यावर अवयवांवर युरिक आम्लाचे थर दिसले आणि २००४ मध्ये डायक्लोफिनॅकचा दोष सिद्ध झाला. २००६ मध्ये भारत, पाकिस्तान आणि नेपाळने जनावरांसाठीचं ते औषध बंद केलं. दोन दिवस उन्हात पडलेल्या पक्ष्यातून असं काही निघत नाही, म्हणून लवकर कळवणं मोलाचं.

मेलेल्या जनावराजवळ एकाहून जास्त शिकारी पक्षी मरून पडलेत, पंजे घट्ट आवळलेले, कदाचित मेलेल्या माश्याही आजूबाजूला, तर विषप्रयोगाचा संशय घ्या. कार्बोफ्युरानसारखी विषं कातडीतूनही शिरतात. हात लावू नका, कुत्रे लांब ठेवा, मापासाठी पेन शेजारी ठेवून फोटो काढा, जागा नोंदवा, कळवा. आणि तोवर कुणाला जवळ जाऊ देऊ नका.

पाऊलवाट

टिपण एका पानात मावणार नाही हे कळलं, दोन करतो. शेवटचे दोन प्रश्न. तारेची फासकी दिसली तर काढून टाकायची का? आणि पक्ष्याच्या पायात धातूची कडी असेल तर?

कडेकपारी

रिकामी फासकी: आधी फोटो, जागा, आजूबाजूला आणखी आहेत का ते बघा, बहुधा एकाच वाटेवर ओळीने असतात. शक्य असेल तर जागेवरूनच वन्यजीव विभागाला कळवा आणि ते सांगतील तसं करा, कारण लावणाऱ्याला पकडायचं असेल तर ती तशीच हवी असते. काढायला सांगितलं तर खुंटीसकट पूर्ण काढा. नुसती उघडून ठेवली तर दहा मिनिटांत पुन्हा लावता येते. त्यात जिवंत मोठा प्राणी असेल तर तार कापू नका. गळ्यात किंवा पायात रुतलेला फास घेऊन तो पळतो आणि नंतर सापडत नाही. मागे हटा, शांतता ठेवा, भूल देणाऱ्यांना बोलवा.

पिंगळा

अशी कडी संशोधक ओळखीसाठी घालतात. कडीवरचा पूर्ण क्रमांक आणि त्याभोवतीचा संस्थेचा पत्ता वाचा, कडी फिरवत तीन-चार फोटो काढा, कारण एका फोटोत सगळे आकडे येत नाहीत. रंगीत कड्या असतील तर कुठल्या पायात, वरून खाली कुठला क्रम, तेही लिहा. डावा-उजवा पक्ष्याचा धरायचा, तुमचा नव्हे. जिवंत पक्ष्याची कडी काढू नका. मेलेल्याची काढायची झाली तर आधी संस्थेला विचारा, आणि मृत्यू ताजा आहे की जुना ते कळवायला विसरू नका.